तिसऱ्या खांबाचा ताप

लुआंगिंगा नदीवर आम्ही एक पूल बांधतोय,
आणि लुसाकात, सातव्या मजल्यावर,
त्याचं जुळं.

नदीवरचा चिखलात उभा.
मोंगूच्या वाळूत सिमेंटचा ट्रक रुतला
की त्या दिवशी तो वाढत नाही.
सातव्या मजल्यावरचा निळसर, नितळ,
बोटाने फिरवावा तसा फिरतो,
आणि विचारलं तर आजच सांगतो
जुलैत त्याचा कुठला सांधा दुखेल.

पाहुणे आले की आम्ही त्यालाच दाखवतो.
नदीवरच्याकडे जायला दीड दिवस लागतो.

फेब्रुवारीत मला पाठवलं.
मी नोसिकू, नियोजन विभाग.
गमबूट उसने, एक नंबर मोठे.
पोहता येत नाही, हे कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या खांबातला सेन्सर नऊ दिवस मुका होता.
पडद्यावर मात्र त्याची पोपटपंची चालू:
चार मीटर दहा. पंधरा मिनिटांनी
चार मीटर दहा.
खांब हिरवा. पूल हिरवा.
सगळं कसं वेळेवर.

लिकांडोने मला होडीतून खांबापाशी नेलं.
त्याच्याकडे एक काठी आहे,
हातात धरून धरून गुळगुळीत झालेली, चाकूने खाचा पाडलेली.
एक खाच बापाच्या हातची,
शाळेचं छप्पर वाहून गेलं त्या सालची.
काठी त्याने तळाला टेकवली, वर काढली,
ओल खाचेच्या वर चार बोटं.

"म्हणजे किती?" मी.
"तुझ्या मीटरात नाही माहीत.
इथवर आलं की मी बायकोला सांगतो,
कोंबड्या माळ्यावर घाल."

होडीतच फोन. म्विंगा साहेब.
"शुक्रवारी बँकेची माणसं बसणार आहेत पडद्यासमोर.
हप्ता सुटायचाय, नोसिकू.
यंत्राची तक्रार नाही,
तू कशाला कण्हतेस?"

माझी मावशी कालाबोत सुईण होती.
तिच्या हाताखालून सात जुळी गेली.
ती म्हणायची, एकाच्या कपाळाला हात लावून
दुसऱ्याचा ताप कळत नसतो, पोरी.
उठावं, दुसऱ्या चटईपाशी जावं,
हात लावावा.

मी टेप काढली, काठीला लावली.
पाच मीटर बत्तीस.

तंबूत जनरेटरच्या उजेडात
तो आकडा मी हाताने भरला.
पडद्याने विचारलं, स्रोत?
सेन्सर. ड्रोन. उपग्रह. इतर.
'इतर'मध्ये लिहिलं:
लिकांडो मुबिता, काठी.

थोडा वेळ काहीच झालं नाही.
मग तिसरा खांब लाल झाला,
त्याला टेकलेली तुळई लाल,
तुळईला टेकलेला मार्च महिना लाल,
आणि उद्घाटनाची तारीख
एकोणीस दिवस मागे सरकून
भिंतीला पाठ लावून बसली.

फोन वाजत राहिला. मी उचलणार होते.
आधी बाहेर जाऊन मुकादमाला म्हटलं,
खालच्या फळ्या आत्ता काढा, रात्रीच.
माणसं शिव्या देत उठली.
वाहून गेलेल्या लाकडाचे पैसे कुठल्या रकान्यात घालायचे,
हे पुढचं भांडण.

लिकांडो पडद्याकडे बघत होता.
"हा पूल ओळखला," तो म्हणाला,
"हा रस्ता, ही वाळू. माझी होडी कुठाय?"

होडी भरलेली नाही यात, मी म्हटलं.

"आणि पूल झाल्यावर?"

जुळ्याला दोन हजार साठपर्यंतचं कळतं,
काँक्रीट किती थकेल, गंज कुठे धरेल,
कितवा ट्रक कुठल्या पावसाळ्यात जड होईल.
मी रकाने वर-खाली करत राहिले,
काहीतरी शोधत असल्यासारखी.

तो उठून बाहेर गेला.
काळोखात काठी पाण्यात बुडाल्याचा आवाज,
मग त्याचा:
दोन बोटं आणखी चढलंय.
लिही.